तारी जेवला का?

भाचीने एवढंच विचारलं, "काका, जेवलात का?" आणि माझी बोबडी वळली. काका म्हणजे मी नव्हे, मी तिचा मामा. काका म्हणजे हॅल्डन नावाचा साठीतला नावाडी. तो माझ्या चार पानी टिपणात राहतो आणि त्या शनिवारी रात्री पहिल्यांदाच आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर, भेळेच्या रिकाम्या कागदांमधून, होडी घेऊन अवतरला होता. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा आणि सोंगं घेऊन बोलण्याचा बैठा खेळ खेळतो. बाकीचे पाच जण आपापलं एकेक पात्र घेऊन बसतात आणि उरलेलं अख्खं जग, म्हणजे राजा, राक्षस, भटियारखान्याचा मालक, त्याचं कुत्रं, हे सगळं डीएमने, म्हणजे डंजन मास्टरने, चालवायचं. डीएम मी. भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, त्या दिवशी पहिल्यांदाच खेळायला बसली होती. नावाड्याला काय विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाकीचे मुरलेले. कोण पलीकडे गेलं, कधी गेलं, किती घोडे होते, हे विचारून झालं, वीस बाजूंच्या फाशावर सतरा पडले, माहिती मिळाली. सगळे होडीतून उतरायला निघाले आणि ही मागे राहून म्हातारा माणूस भेटल्यावर विचारतात तसं विचारून मोकळी झाली.

"हो, जेवलो की," मी हॅल्डनच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"काय जेवलात?"

आता आली का पंचाईत! एल्फ आणि ड्वार्फ या परीकथेतल्या जमातींच्या त्या मुलखात, बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी, माझ्या तोंडून निघालं, "भाकरी." टेबलावर हशा पिकला. ड्वार्फ चालवणारा मित्र म्हणाला, "ज्वारीची की नाचणीची, तेवढं सांग म्हणजे राज्य कुठल्या जिल्ह्यात आहे ते कळेल." मीही हसलो. खेळ पुढे सरकला, सगळे पलीकडच्या जंगलात शिरले, लांडग्यांशी लढाई झाली, साडेबाराला मंडळी पांगली. मी कागद आवरले, फासे पिशवीत भरले. दिवा बंद करून आडवा झालो तरी ते 'काय जेवलात?' काही डोक्यातून जाईना. कुसळ शिरावं तसं झालं होतं. दिसत नाही, पण बोट लागलं की टोचतं.

कारण हॅल्डनवर मी दोन आठवडे घालवले होते. या खेळाच्या २०१४ सालच्या पुस्तकात डीएमसाठी एक सोय आहे. एखाद्या गौण पात्रात जरा जास्त जीव ओतायचा असेल तर काय काय ठरवावं याची दहा कलमं दिली आहेत. धंदा आणि पूर्वायुष्य, रूप, अंगातले गुण, एखादी कला, लकब, चारचौघांत वागण्याची तऱ्हा, खेळाडूंच्या उपयोगी पडेल अशी माहिती, ध्येय, ज्यात जीव अडकलाय ते माणूस किंवा ती वस्तू, आणि शेवटी खोट किंवा गुपित. एकेका कलमाला एकेक वाक्य लिहिलं तरी पुरतं. मी एकेक परिच्छेद लिहिला. लकब सुचेना तेव्हा फासा टाकला. त्या तक्त्यात गुणगुणणं आहे, नखं कुरतडणं आहे, दाढी ओढणं आहे, काहीतरी चघळत राहणं आहे. माझ्या फाशाने दिलं, दूर कुठेतरी टक लावून बघत बसणं. त्यावरून मला गुपित सुचलं. वीस वर्षांपूर्वी पुराच्या रात्री पलीकडच्या काठावरून एका बाईने हाका मारल्या होत्या. हॅल्डनने हाका ऐकल्या, दिवा मालवला आणि पांघरूण ओढून पडून राहिला. सकाळी पलीकडे कुणी नव्हतं. तेव्हापासून तो त्या काठाकडे बघत बसतो. लकब आणि गुपित असं एकमेकांत चपखल बसल्यावर मला स्वतःबद्दल फार थोर वाटलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. गॅसचा नंबर लावलास का?"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी हॅल्डनचा जमाखर्चसुद्धा मांडला होता. पुस्तकातल्या दरांप्रमाणे रस्त्याचा किंवा वेशीचा कर तांब्याचं १ नाणं, तोच मी उतारूमागे धरला. बिनकसबी मजुराला दिवसाला चांदीची २ नाणी मिळतात, म्हणजे तांब्याची २०. तेवढी कमाई करायला हॅल्डनला रोज वीस उतारू हवेत, आणि त्या आडरानात वीस उतारू येणार कुठून? म्हणून मी आठवड्याच्या बाजाराचा एक दिवस घातला. साध्या माणसाचे सगळे गुण खेळात १० धरलेले असतात आणि हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसता येतो तो आकडा, अवघे ४. सुरीसाठी टाकलेल्या फाशावर चार पडले की आटोपला कारभार. वल्हं मारून मारून दंड भरले असतील म्हणून हॅल्डनची ताकद मी १० ची १४ केली. बिअरचा मग ४ तांब्यांना आणि पावाचा लोफ २ तांब्यांना, हेही लिहून ठेवलं होतं. पावाचा भाव कागदावर होता. तो पाव या माणसाने खाल्ला का, कशाशी खाल्ला, शेवटचे दात शाबूत आहेत का, हे नव्हतं.

चार पानांत त्याला पोटच नव्हतं.

खरं तर या खेळाचा जन्मच मुळी असल्या बिनमहत्त्वाच्या माणसांतून झालाय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापून बाजारात आणला, हे खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने एक युद्धखेळ मांडला. काळ नेपोलियनचा, गाव ब्राउनस्टाइन नावाचं, काल्पनिक. एरवी अशा खेळात एकाने एक फौज चालवायची, दुसऱ्याने दुसरी. पण खेळायला माणसं जास्त जमली होती, तेव्हा याने उरलेल्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष, कुणी पेढीवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला आपापला एक मतलब दिला. झालं असं की ही गावातली मंडळीच एकमेकांत इतकी गुंतली की लढाई व्हायची ती राहूनच गेली. वेझलीला वाटलं, डाव पार फसला. खेळणारे मात्र पुन्हा कधी, पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांत आर्नेसनही होता. मला ही गोष्ट फार आवडते. फौजा नकाशावर तशाच उभ्या आणि इकडे पेढीवाला कुणाशी तरी कुजबुजतोय. आणि पन्नासहून जास्त वर्षांनी मी, त्याच परंपरेतला एक हौशी, नावाड्याला बोलतं करायला बसलो तर त्याच्यावर एक पाप लादलं. पाप असल्याशिवाय माणूस खोल वाटत नाही, हे आम्हा लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय.

शिवाय मराठीत खेळायचं म्हणजे आणखी एक लचांड. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं, की हा नावाडी होडीत चढणाऱ्या एखाद्या शस्त्रधारी बाईला अगं म्हणेल की अहो, 'या बाईसाहेब' म्हणेल की 'बस तिकडं'. एका क्रियापदात सगळी उतरंड दिसते. हॅल्डनने काय म्हणायचं हे ठरवताना मी जुनी टिपणं चाळली आणि जरा ओशाळलोच. गेल्या तीन वर्षांत माझे सगळे जादूगार 'आपण कुठून आलात?' असं बोलत आलेत, आणि सगळे भटियारे, मोतद्दार, कोठारावरचे पहारेकरी 'काय पायजेल?' करत. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. माझ्या जिभेनेच आपोआप ज्याला त्याला त्याच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. ज्या जगात ड्रॅगन उडतात तिथेसुद्धा शुद्ध बोलणारे वर आणि अशुद्ध बोलणारे खाली, ही व्यवस्था मी एसटीत पिशवी घेऊन चढावं तशी बरोबर घेऊन गेलो होतो. भाचीने हॅल्डनला 'अहो' केलं तेव्हा टेबलावरच्या कुणीतरी चमकून पाहिलं, ते बहुतेक म्हणूनच.

आता मूळ मुद्द्याला हात घालतो, कारण कुसळ तिथेच आहे. मला एक नावाडी ठाऊक होता. खराखुरा. माझं आजोळ सिंधुदुर्गात, कर्ली खाडीच्या काठावर, कोरजाईच्या बाजूला. मे महिन्यात आम्ही जायचो. खाडीवर तर, म्हणजे होडीने पलीकडे नेण्याची सोय, होती आणि तरीवर तारी. तारी म्हणजे नावाडी, हे आमच्याकडचं रोजचंच. आम्ही मुलं त्याला तारीमामा म्हणायचो. पलीकडे जायचं असलं की काठावरच्या माडाखाली उभं राहून तोंडाभोवती हात धरून ओरडायचं, "ओ तारी!" शेवटची ई जितका वेळ ओढता येईल तितकी ओढायची. पाण्यावरून आवाज जाई, थोड्या वेळाने पलीकडून "ओऽ" येई, आणि मग होडी सुटलेली दिसे. उथळ पाण्यात तो बांबू टेकून ढकलायचा, मध्ये आल्यावर वल्हं घ्यायचा. बांबू चिखलातून उपसला जाताना 'च्पक' असा आवाज व्हायचा आणि त्या चिखलाचा कुबट, खारट, शिंपल्यांसारखा वास वर यायचा. लाकडावर काळं तेल चोपडलेलं असे, ते उन्हाने तापून चड्डीला लागायचं आणि आजी ओरडायची. तारीमामा मला दर वेळी एकच वाक्य बोलायचा. "मधी बस, हलू नको." बसलो की दुसरं वाक्य. "काय रे झिला, पेज जेवलंस?"

सकाळी दहा-साडेदहाला पेज, ही आमच्याकडची वेळ. त्याची पेज होडीतच असायची, फळीखाली ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात. झाकण ठोकर लागून लागून वाकडं झालेलं, म्हणून वर फडकं बांधलेलं. उतारू नसले की तो माडाच्या सावलीत होडी लावायचा, डबा उघडायचा, आधी वरचं निवळ पाणी दोन्ही हातांनी डबा धरून पिऊन टाकायचा आणि मग खालचा लाल भात. तोंडी लावायला निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, कागदात बांधून आणलेला. तो बांगड्याचा काटा असा काही सोलून काढायचा की मांसाचा कण राहत नसे. काटा पाण्यात टाकला की लगेच खालून बारके मासे येत. हे सगळं मला आज, चाळीस वर्षांनी, बोटावर मोजून सांगता येतं. पैसे आठ आणे होते, पण आजी देत नसे. तिच्याकडून सुगीला भात जायचं, पायलीने मोजून. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला फाकलेला होता, बांबू ढकलताना तो फळीवर रोवायचा म्हणून. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, सुकती म्हणजे ओहोटी किती वाजता लागेल हे त्याला आकाशाकडे न बघता कळायचं. बायकोमुलं होती का? माहीत नाही. कसली खंत, कसली हौस? माहीत नाही. गुपित? हे विचारायला मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

त्याचं नाव मला ठाऊक नाही.

कागदावरच्या माणसाचं सगळं आतलं माहीत आणि बाहेरचं काही नाही. खऱ्याचं बाहेरचं सगळं पाठ आणि आतलं शून्य. खेळाची तयार साहसं मिळतात, त्यांत अशा माणसांना नाव नसतंच. 'नावाडी' एवढंच छापलेलं असतं, पुढे कंसात 'सामान्य माणूस', की झालं. मी अशा वेळी नाक मुरडतो, नाव द्यायला काय जातं म्हणतो. आणि माझ्या स्वतःच्या लहानपणात तो माणूस 'तारी' एवढाच छापलेला आहे.

त्या रात्री आणखी एक गोष्ट आठवली. आजोळच्या देवळात जत्रेला दशावतार व्हायचा. नाटकवाल्यांचं पेटारे, पखवाज, पेटी असं सामान येऊन पडायचं. आधी आड-दशावतार, त्यात काळ्या तोंडाचा संकासूर, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा काय, कुणी केव्हा यायचं, हे ठरतं, बाकी बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. म्हणजे राजाचा साधा दूतसुद्धा आपली वाक्यं आपणच बनवतो. एके वर्षी राजाचा मुकुट काही बसेना, आत खटपट चालली होती आणि बाहेर एकटा सेवक. त्याने पाव तास काढला. कशावर? पोटावर. राजवाड्यात सोन्याची ताटं आहेत पण सेवकाला पेज मिळते ती पण कशी, तर तीत भात शोधायला होडी घालावी लागते. लोक गडबडा लोळत होते. मीही. आता वाटतं, राजा आला तो धर्मावर बोलला, सेवक होता तोवर पोटावर बोलला. मग मी हॅल्डनच्या तोंडी जेवण घालायला निघालोय, तेही त्याला त्याच पायरीवर बसवण्यातलंच नाही ना? हलक्या पात्राला पोट आणि भारदस्त पात्राला गुपित? याचं उत्तर मला नीट देता आलेलं नाही. एवढंच दिसतं की तो सेवक झालेला नट खरोखर भुकेला असणार, कारण नाटकवाल्यांची पंगत उशिरा बसली होती, आणि म्हणून त्याचं एकही वाक्य खोटं वाटत नव्हतं.

रविवारी आईला फोन केला. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, फोनवर जुना विषय निघाला की तिची मालवणी परत येते. विचारलं, तरीवरच्या तारीचं नाव काय होतं गं? "तारी म्हणजे तारी," ती म्हणाली. "नावान कोण हाक मारता?" मग जरा थांबून, पूल झाल्यावर तर बंद पडली, त्याआधीच तो म्हातारा झाला होता, मुलगा मुंबईला गेला होता, असं तुटक तुटक सांगत राहिली. म्हणजे मुलगा होता. मी भीत भीत पुढचा प्रश्न विचारला. हाक मारली आणि तो आला नाही, असं कधी झालं का? पुराचं, रात्रीचं, कधीतरी?

आईला प्रश्नच कळेना. "येयत नाय कसो? तरच त्याची." मग तिला आठवलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, आषाढातली. आजीला रात्री पोटात कळा सुटल्या, डॉक्टर पलीकडे. आजोबांनी कंदील हलवत हाका मारल्या. पाऊस एवढा की आवाज पोचतोय की नाही कळत नव्हतं. तो आला. जेवता जेवता उठून आला होता, उजवा हात खरकटाच. होडी लावल्यावर त्याने वाकून खाडीच्या पाण्यात हात धुतला, धोतराला पुसला आणि आजीला उचलून होडीत निजवलं. "त्याच्या हाताक सांबाऱ्याचो वास येय होतो, असा आई सांगायची," आई म्हणाली. पुढे म्हणाली, "तुका आज ह्यां सगळां खंयसून आठावला?"

मी काय सांगणार? की तुमच्या तारीला घेऊन मी एक माणूस बनवला, त्याला थोडं उंच केलं, निळे डोळे दिले, आणि त्याने हाक ऐकून दिवा मालवला असं लिहिलं? जो ताटावरून उठून आला त्याच्यावर मी न येण्याचा आळ घेतला होता. म्हटलं तर कुठे हॅल्डन, कुठे तारी. पण काठावरून मारलेली ती लांबट हाक माझ्या टिपणात कुठून आली हे मला आता पक्कं कळलं होतं. ती तिथूनच उचललेली होती, धुऊनसुद्धा न घेता.

टिपण पुढ्यात घेऊन बसलो. गुपित खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. खेळ म्हणून ते चांगलं आहे, कधीतरी पाचांपैकी एखाद्याला ते सापडेल तेव्हा टेबल गप्प होईल, आणि त्या शांततेचा मोह मला सुटत नाही, खोटं कशाला बोला. मी फक्त समासात पेन्सिलीने लिहिलं, झाकण वाकडं. मग आणखी, काटा पाण्यात टाकतो. उजवा अंगठा. मग बराच वेळ त्याच्या डब्यात काय घालावं ते ठरेना. बर्फाच्या मुलखात भात कुठला? जवाची पेज चालेल. जव दळून, पातळ शिजवून, वर धुरावलेला मासा. ते लिहिताना मला एकदम भूक लागली आणि तेव्हा वाटलं, बहुतेक जमलं.

पुढच्या शनिवारी मंडळी जंगलातून परतली, दोघं जखमी, एक जण शापित, आणि परत नदी आडवी. संध्याकाळ झाली होती, खेळात आणि बाहेरही. भाची क्लासवरून थेट आली होती, पाठीवरची सॅक अजून खुर्चीला लटकत होती. बाकीचे हॅल्डनशी भाड्याची घासाघीस करत होते. ती होडीत चढली. मी म्हणालो, "मधे बस, हलू नको." मग वल्ह्याचे दोन-तीन फटकारे टेबलावर हाताने मारून दाखवले, आणि मी तिच्याकडे न बघता, पलीकडच्या काठाकडे बघत, म्हणजे आमच्या फ्रिजकडे बघत, विचारलं, "काय गं पोरी, जेवलीस का?"

"नाही ना, मामा," ती म्हणाली.

कुठल्या मामाला म्हणाली कोण जाणे. ड्वार्फाने आपले फासे उचलून खिडकीत ठेवले, बायकोने नकाशा गुंडाळला. मी उठून आमटी गरम करायला ठेवली.